ख्रिस्ती संगीतशिक्षकांचा पहिला स्मरणदिन : उपासना, पेटी, कॅसेटी आणि चालींच्या वह्या

तानपुरा_नगर

नमस्कार. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) पेटी आणि गायन शिकवणाऱ्या आमच्या सरांचा पहिला स्मरणदिन जानेवारीच्या शेवटी येतो आहे. सर मराठी प्रोटेस्टंट मंडळीतले. रविवारी सकाळी चर्चमध्ये पेटीवर, बाकीचे सहा दिवस संध्याकाळी शिकवणी. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची मुलं त्यांच्याकडे असत, त्यांत हिंदू, मुसलमान, जैन, ख्रिस्ती सगळेच. दहा वर्षांच्या पोरालाही ते ‘या मित्रा, बसा’ म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द खरा होता. पेटीला हात लावण्याआधी दोन्ही तळवे मांडीवर ठेवून क्षणभर डोळे मिटायचे. त्या क्षणी खोलीतली सगळी कुजबुज आपोआप थांबायची.

साधारण १५० माणसं येतील. चर्च आणि त्याच्या आवारातलं सभागृह दोन्ही मिळू शकतं. विद्यार्थ्यांपैकी काहींनी नेहमीची यादी केली आहे : दीपप्रज्वलन, सरस्वतीवंदना, फोटोला हार, गुरुपूजन. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, यातल्या कशालाच ‘नको’ म्हणणार नाहीत. त्यांचा स्वभावच तसा आहे. म्हणून इथे विचारते आहे. काय करावं, काय टाळावं? कोणती गाणी, कोणत्या पट्टीत? सरांची पेटी वर्षभर बंद आहे, ती वाजवायचीच असं ठरलं आहे. शिवाय ३८ कॅसेटी आणि चालींच्या ३ वह्या आहेत. कार्यक्रमाला सव्वादोन महिने आहेत.

मंडळी_सेवक

बाई ‘नको’ म्हणणार नाहीत हे तुम्ही ओळखलंत, हे फार बरं झालं. आता त्यांना ‘चालेल का?’ असं विचारू नका, ‘सर असते तर त्यांनी कसं केलं असतं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस समोरच्याचं मन राखायला होकार देतो, दुसऱ्याला खरं उत्तर येतं.

पहिलं काम पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) भेटण्याचं. बाईंना बरोबर घेऊन, आणि या आठवड्यातच. मंडळीच्या कमिटीची बैठक बहुधा महिन्यातून एकदा होते, ती हुकली तर परवानगी पुढच्या महिन्यावर जाते. अर्जात तारीख, वेळ, माणसांचा आकडा, कोणती वाद्यं, कोण गाणार आणि ध्वनिक्षेपक कुणाचा, एवढं लिहा. गाण्यांची यादी जोडा, शब्दांसकट. पाळकांची हरकत बहुतेक वेळा गाणाऱ्याच्या धर्माला नसते. आधी न दाखवलेल्या शब्दांना असते.

कार्यक्रमाचे दोन भाग करा. आधी चर्चमध्ये उपकारस्तुतीची (देवाचे आभार मानण्याची) उपासना, ४० ते ४५ मिनिटं. मग चहा, आणि मग सभागृहात सव्वा ते दीड तास संगीतसभा. दोन्ही एकत्र कालवलं की उपासनाही राहत नाही आणि मैफलही राहत नाही. मध्येच टाळ्या वाजतात, कुणी उठून शाल घालतं, पाळकांचा चेहरा अवघडतो.

उपासनेचा क्रम साधारण असा असतो : प्रारंभीची प्रार्थना, गीत, शास्त्रवाचन, गीत, पाळकांचा छोटा संदेश, दोन जणांच्या आठवणी, उपकारस्तुतीची प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, शेवटचं गीत, आशीर्वाद. वाचनाला स्तोत्र २३ नेहमीचं आहे. संगीतशिक्षकासाठी स्तोत्र १५० जरूर घ्या. त्यात वाद्यांची नावं घेऊन स्तवन करायला सांगितलं आहे, आणि सहाच ओव्या असल्यानं सर्वात लहान विद्यार्थ्यालाही वाचता येईल. आठवणी सांगणाऱ्याला ४ मिनिटं, तीही लिहून आणलेली. इथे सैल सोडलं की पाऊण तास जातो.

आता टाळायच्या गोष्टी. प्रोटेस्टंट उपासनेत प्रार्थना देवाला केली जाते, सरांच्या आयुष्याबद्दल त्याचे आभार मानले जातात. गेलेल्या माणसाला उद्देशून किंवा त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना होत नाही. फोटोला ओवाळणं, नैवेद्य, कुंकू-अक्षता या गोष्टी घरच्यांना खुपतात त्या यामुळेच. ‘आत्म्यास शांती लाभो’, ‘सद्गती मिळो’ हेही फलकावर नको. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते प्रभूजवळ विसावले आहेत, मागणं मागायचं काही उरलेलं नाही. नावाआधी ‘कै.’ लावू नका, कैलास हा वेगळ्या श्रद्धेचा शब्द आहे. ‘ख्रिस्तवासी’ किंवा ‘प्रभुवासी’ लिहा. निमंत्रण सगळ्यांसाठी असेल तर ‘दिवंगत’ चालतं. ‘पुण्यतिथी’ऐवजी तुम्ही ‘स्मरणदिन’ लिहिलंच आहे, तेच ठेवा.

फोटो साधा, स्टँडवर, बाजूला फुलदाणी. हार घालायचा की नाही हे घराघरांत वेगळं असतं, बाई सांगतील. दीपप्रज्वलनाऐवजी बाईंनी किंवा नातवंडानं एक मेणबत्ती लावली तर शोभतं, पण तीही आवश्यक नाही. सरस्वतीवंदना त्या दिवशी नकोच, सभागृहातही नको. गुरुपौर्णिमेला तुमच्या वर्गात तुम्ही म्हणता ती म्हणत राहा, सरांनी कधी अडवलं असेल असं वाटत नाही. पण हा दिवस त्यांचा आहे.

आणि एक बारीक गोष्ट, जी दर वेळी चुकते. समोर जे मेज असतं ते प्रभुभोजनाचं आहे. त्याच्यावर तबल्याची पिशवी, पाण्याची बाटली, निवेदकाचे कागद, मोबाइल, काही म्हणता काही ठेवू नका. निवेदकासाठी आधीच वेगळं टेबल मांडा म्हणजे प्रश्नच येत नाही.

जानेवारीचा शेवट मोकळा असतो. तारीख पुढे सरकली तर राखेचा बुधवार कधी आहे तेवढं बघा. तिथून ईस्टरपर्यंत ४६ दिवस उपवासकाळ असतो, त्यात संगीतसभा नको.

काळी_चार

गाण्यांबद्दल. नगरमध्ये हा कार्यक्रम आहे म्हटल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांपासून सुरुवात करा, दुसरा विचार नको. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, निधन १९१९ चं, आणि त्यांचं मोठं काम तुमच्याच गावातलं. अभंग, भजन, कीर्तन ही मराठी माणसाची स्वतःची भाषा घेऊन त्यांनी ख्रिस्ताची गाणी केली. त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळ्यांनी नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. या गाण्यांना पेटी, तबला, टाळ आणि भजनी ठेका मुळातच शोभतात. सरांच्या हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या विद्यार्थ्यांना ही गाणी परकी वाटणार नाहीत.

‘उपासना संगीत’ हाताशी घेतलंत तर दोन जातींची गाणी दिसतील : देशी चालीची आणि पाश्चात्त्य चालीची. दोन्ही घ्या, कारण सर रविवारी दोन्ही वाजवत असणार. पण दोन्हींना एकाच पद्धतीनं साथ केली की घोळ होतो, आणि तो कुठे होतो ते सांगतो.

देशी चालीला ८ मात्रांचा भजनी किंवा धुमाळी, नाहीतर दादरा, केरवा. अडचण नाही. पाश्चात्त्य चालीचं तसं नाही. पुष्कळ चाली समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) एक मात्रा आधी सुरू होतात. तबलजी पहिल्या अक्षरावर ‘धा’ मारतो आणि पुढचं सगळं गाणं एक मात्रा सरकतं, जोर भलत्याच अक्षरावर येतो. दुसरं, ओळीच्या शेवटी मंडळी श्वास घ्यायला थांबते. तो थांबा मोजून घेतलेला नसतो, सवयीचा असतो. ठेका मात्र थांबत नाही. दुसऱ्या ओळीपर्यंत मंडळी आणि तबला दोन वाटांनी गेलेले असतात, आणि मग पेटीवाला कुणाला सांभाळू या विचारात पडतो. उपाय दोनच : अशा गाण्याला तबला ठेवूच नका, किंवा थांब्याच्या पूर्ण मात्रा ठरवून तालमीत पाठ करा. मी तबला काढा म्हणेन. नुसत्या पेटीवर, दोन हातांनी सूर धरून ती गाणी फार सुंदर लागतात.

पट्टी. बायका एकट्या गातात तेव्हा पेटीवरच्या काळी चार ते काळी पाच या पट्ट्यांवर सा धरतात, पुरुष काळी एक ते पांढरी दोन. एकत्र गायचं तर मध्ये कुठेतरी यावं लागतं, आणि कुणीतरी घसा ताणणारच. समूहगीतासाठी पांढरी दोन धरा. पुरुषांना सोयीची आहे, बायकांना नेहमीपेक्षा वर जाते. म्हणून गाणी अशी निवडा की चाल मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत, फार तर तार रिषभापर्यंत जाईल. तार गंधार-मध्यमाची गाणी समूहाला देऊ नका, ती एकट्यानं आपापल्या पट्टीत गावीत. कडव्यांची वाटणीही करता येते : एक कडवं बायकांचं, एक पुरुषांचं, ध्रुवपद सगळ्यांचं.

जागेबद्दल. जुन्या दगडी चर्चमध्ये आवाज घुमतो, रिकामं असताना तर फारच. रिकाम्या चर्चमधल्या तालमीवरून लय ठरवू नका, पण सभागृहातल्या लयीनंही तिथे गाऊ नका. तिथे द्रुत लयीचा केरवा नुसता गोळा होऊन ऐकू येतो. लय थोडी खाली ठेवा, डग्ग्याचा माइक काढूनच टाका. गायकवृंद मागच्या माडीवर आणि पेटी पुढे, असं कधीही करू नका. २० मीटरचं अंतर असेल तर आवाज पोचायला साधारण ६० मिलिसेकंद लागतात. एवढ्यानं गाणारे मागे पडतात आणि पेटीवाला त्यांची वाट बघत लय पाडत नेतो. सगळे एका ठिकाणी बसा.

पेटीला नेमकं काय झालं आहे ते लिहा, मग पुढचं सांगतो.

तानपुरा_नगर

दोघांचेही मनापासून आभार. पाळकसाहेबांची भेट शनिवारी ठरली आहे.

पेटी काल उघडली. साडेतीन सप्तकांची, दोन सुरांची (प्रत्येक पट्टीला दोन सूर, म्हणजे रीड : खर्ज आणि नर). झाकणाच्या आत सरांनी पेन्सिलनं सुरांची दुरुस्ती कधी केली त्या तारखा लिहिलेल्या आहेत, एकाखाली एक, शेवटची तारीख कोविडच्या साथीच्या आधीची. आत्ता मधल्या सप्तकातला मध्यम वाजतच नाही, तार सप्तकातली एक काळी पट्टी कुरकुरते, आणि खालची एक पट्टी दाबली नाही तरी वाजत राहते. भाता ठीक वाटतो. फोनवरच्या ट्यूनरवर मधली पांढरी सहा ४३४ हर्ट्झ दाखवते आहे. ही बिघडली आहे का?

काळी_चार

४३४ म्हणजे बिघाड नाही. जुन्या पेट्या बहुधा आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाणाला लावलेल्या नसतात. सगळ्या पट्ट्या एकमेकींशी जुळत असतील तर हात लावू नका. चर्चमधला कीबोर्ड बरोबर वाजणार असेल तर कीबोर्ड खाली आणा : ४४० वरून ४३४ म्हणजे साधारण २४ सेंट खाली (दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). कीबोर्डच्या ‘ट्यून’ या सेटिंगमध्ये हे होतं, ‘ट्रान्सपोज’मध्ये होत नाही, कारण तिथे पूर्ण पट्टीच सरकते. इलेक्ट्रॉनिक तानपुराही त्याच उंचीला लावा. बासरी असेल तर मात्र विचार करा. बासरी फुंकीनं थोडी खाली येते, पण दीड तास सगळे सूर तसे दाबून वाजवणं अवघड आहे.

वाजत नसलेला मध्यम : दहापैकी नऊ वेळा रीडखाली धुळीचा कण नाहीतर किड्याचा पंख अडकलेला असतो. वरची फळी काढा, पट्टीखालचा पडदा उचला, रीड दिसेल. पितळेची जीभ आणि तिची चौकट यांच्यात केसाएवढी फट असते. नव्या नोटेसारखा कडक, पातळ कागद जिभेच्या मोकळ्या टोकाकडून फटीत घालून हलकेच ओढा. एकदा, दोनदा, बस. सुई, ब्लेड, टाचणी नको. जीभ बाजूला सरकली तर ती चौकटीला घासून बारीक कर्कश आवाज येतो आणि काम वाढतं. मऊ रंगाचा ब्रश चालतो. रॉकेल, तेल, कुठलाही फवारा अजिबात नाही. तेलावर धूळ बसते, सूर जड होतो.

कुरकुरणारी काळी पट्टी : दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना घासत असेल किंवा खिळ्याच्या भोकातली बनात कुरतडली असेल. पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि वर्षभर पेटी वाजली नाही की हे होतं. थंडीत कोरड्या हवेत आठवडाभर रोज १५ मिनिटं वाजवा, निम्म्या वेळा आपोआप सुटते.

आपोआप वाजणारी पट्टी : एकतर कमान (स्प्रिंग) सैल झाली आहे, किंवा पडद्याचं चामडं कडक होऊन हवा सोडतं आहे. कमान बोटानं किंचित वर वाकवली तर लगेच कळतं. चामडं असेल तर कारागिराकडे.

कारागिराकडे देताना दोन गोष्टी निक्षून सांगा. एक, सूर बदलायचे नाहीत. जुने चांगले सूर काढून नवे बसवण्याचा सल्ला सहज दिला जातो आणि पेटीचा आवाज कायमचा जातो. दोन, ‘४४० ला लावून द्या’ म्हणू नका. सूर चढवायला जिभेचं टोक घासावं लागतं, उतरवायला मूळ. दोन्हींत पितळ जातं, परत येत नाही. सगळी पेटी २४ सेंट चढवायची म्हणजे सगळ्या सुरांची टोकं घासायची. सरांच्या कानानं लावलेले सूर आहेत, झाकणाच्या आतल्या तारखाच सांगतात.

आणि हो, झाकणाच्या आतली ती पेन्सिल कारागिराला आधी दाखवा. पॉलिश करताना आतूनही पुसून काढतात.

माजोर्डा_वसई

कॅथलिक घरांसाठी थोडं वेगळं आहे, पुढे कुणी हा धागा वाचेल म्हणून लिहितो. आमच्याकडे गेलेल्यांसाठी प्रार्थना होते, त्यांच्या नावानं मिस्सा (वेदीवरची मुख्य उपासना) होतो, २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या लागतात, फोटोला हारही सर्रास असतो. त्यामुळे वरच्या ‘नको’च्या यादीतलं बरंचसं आमच्याकडे लागू नाही. पण मिस्सामध्ये उपासनेचीच गीतं, सरांची आवडती ठुमरी तिथे नाही. चर्चमध्ये वेगळी संगीतसभा करायची तर १९८७ सालच्या व्हॅटिकनच्या सूचना आहेत : लेखी अर्ज, प्रवेश विनामूल्य, संगीत धार्मिक स्वरूपाचं, वेदीच्या जागेत वादक बसणार नाहीत, आणि शक्य असेल तर पवित्र साक्रामेंत (मिस्सातली पवित्र भाकर) बाजूच्या चॅपलमध्ये किंवा दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी हलवायचं. फादरना हे माहीत असतं, आपल्याला माहीत असलं की बोलणं सोपं जातं.

नावाबद्दल एक सांगावंसं वाटतं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईत व्हायोलिन शिकवत, लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त ते नाव गाण्यात आलं आणि आज लाखो लोकांच्या तोंडी आहे, ते शिष्यानं गुरूला दिलेलं. आपल्याला गाणं करता येत नसेल, पण छापलेल्या पत्रिकेवर प्रत्येक गाण्याखाली ‘चाल :’ लिहून सरांचं पूर्ण नाव घालता येतं. संगीतशिक्षकांची नावं सर्वांत आधी पुसली जातात ती इथेच, शब्दकार छापतात आणि चालकार सोडून देतात.

फीत_आणि_फिरकी

कॅसेटींचं काम कार्यक्रमाआधी घाईनं उरकू नका. आधी ३८ च्या ३८ पालथ्या घालून बघा, वाजवू नका. फितीच्या गुंडाळीवर पांढरा भुकटीसारखा थर दिसला तर ती बुरशी. तशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत. चांगल्या डेकमध्ये एक घातली तर हेडवरून (फीत वाचणाऱ्या भागावरून) ती बाकीच्यांना लागते. मधल्या खिडकीत फितीमागे छोटासा फेल्टचा तुकडा असतो, जुना गोंद सुटून तो पडतो. तो नसेल तर फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबलेला, घोगरा येतो. अशी कॅसेट ‘खराब’ म्हणून टाकून देतात, प्रत्यक्षात फीत ठणठणीत असते. स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटमध्ये गुंडाळ्या हलवल्या की झालं. एका लहान टेबलावर, पंखा बंद करून करा.

वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे, एकदा मागे. वर्षानुवर्षं एकाच जागी दबलेली फीत मोकळी होते. ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत ६० मिनिटांच्यापेक्षा पातळ असते, तिच्यावर पुढे-मागेचा मारा करू नका. हेड आणि रबरी चाक प्रत्येक ४-५ कॅसेटींनंतर पुसा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबरी चाकाला ते अगदी थोडं, आणि लगेच कोरडं करा.

हेडचा कोन हा सगळ्यात दुर्लक्षिलेला भाग. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू असताना तो अगदी चतुर्थांश फेरा इकडे-तिकडे करून बघा, जिथे ‘स’ आणि ‘श’ सर्वांत स्वच्छ येतात तिथे थांबा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असेल तर प्रत्येक वेळी. हे न करता भरलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत मिळत नाही.

भरताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. तासाला साधारण १ जीबी होते, ३८ कॅसेटी एका छोट्या ड्राइव्हवर मावतात. दोन प्रती, दोन घरांत. मूळ फाइलवर खरखर काढण्याचं काम करू नका, प्रतीवर करा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर पेटीच्या भात्याचा श्वास आणि तानपुऱ्याचा झंकार यांनाही खरखरच समजतं.

वेगासाठी एक युक्ती. घरी भरलेल्या कॅसेटमध्ये विजेची गुणगुण जवळजवळ नेहमी असते. भारतात ती ५० हर्ट्झची. फाइलच्या शांत जागी ती मोजा. ५१ दिसली तर कॅसेट २ टक्के जोरात चालली आहे, म्हणजे सूर दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाएवढे चढले आहेत. तेवढा वेग कमी करा. तुमच्याकडे पडताळ्यालाही साधन आहे : त्याच पेटीवर गायलेली कॅसेट असेल तर दुरुस्तीनंतर पांढरी सहा ४३४ च्या आसपास यायला हवी. नाही आली तर एकतर दुसरी पेटी, नाहीतर कॅसेट पेटीच्या आधीच्या दुरुस्तीच्या काळातली. झाकणातल्या तारखा इथेही उपयोगी पडतील.

कार्यक्रमात ऐकवायचं तर एकच तुकडा, दीड-दोन मिनिटांचा, आणि शक्यतो गाण्याचा नको, शिकवतानाचा घ्या. आवाज ऐकल्यावर बाईंना काय वाटेल याचा विचार करून आधी त्यांना घरी ऐकवा. सभागृहात पहिल्यांदा ऐकवू नका.

स्वरलिपी_वाचक

वह्यांबद्दल. वही उघडल्यावर पहिल्यांदा स्वरलेखन भातखंडे पद्धतीचं आहे की पलुसकर पद्धतीचं ते ठरवा. गांधर्वच्या परीक्षांना मुलं बसवणाऱ्या सरांनी दोन्ही वापरल्या असण्याची शक्यता आहे, आणि खुणा एकमेकींच्या उलट आहेत. स्वराच्या डोक्यावर टिंब : भातखंड्यांत तार सप्तक, पलुसकरांत मंद्र. स्वराखाली आडवी रेघ : भातखंड्यांत कोमल, पलुसकरांत एक मात्रा. म्हणजे पलुसकर पद्धतीचं पान भातखंडे समजून वाचलं तर सगळं गाणं कोमल स्वरांचं होतं आणि खालचे स्वर दोन सप्तकं वर उड्या मारतात. पटकन ओळखायचं तर सम बघा : × असेल तर भातखंडे, १ असेल तर पलुसकर. तालातली ‘खाली’ (टाळी नसलेली मात्रा) भातखंड्यांत ०, पलुसकरांत +.

टाइप करताना खालच्या रेघा व्हॉट्सअॅपवर गळून पडतात. कोमल गंधार शुद्ध होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आधी प्रत्येक पान ३०० डीपीआयला, रंगीत स्कॅन. कृष्णधवल करू नका, पेन्सिलच्या खुणा उडतात आणि शाईचा रंग बदलला हेही कळत नाही. निळ्या शाईत चाल आणि लाल शाईत नंतरची दुरुस्ती असं पुष्कळ शिक्षक करतात. विद्यार्थ्यांना वाटायला हातानं, एकाच पद्धतीत, मोठ्या अक्षरात पुन्हा लिहून काढा. त्या पानावर शब्द, चाल, ताल, सरांची पट्टी आणि वहीतला पान क्रमांक, एवढं असू द्या.

हक्कांचं. टिळकांचे शब्द केव्हाच सर्वांसाठी खुले झाले आहेत, लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांची मुदत संपली आहे. सरांच्या स्वतःच्या चाली मात्र त्यांच्या वारसांच्या आहेत, निधनानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. बाईंकडून साध्या कागदावर लेखी परवानगी घ्या : कोणत्या चाली, कशासाठी, इंटरनेटवर टाकायच्या की नाही. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही. उद्या कुणी तीच चाल स्वतःच्या नावावर टाकली तर सांगायला कागद हवा.

तानपुरा_नगर

पाळकसाहेबांनी दोन्ही भाग मान्य केले. ‘सर असते तर?’ असं विचारल्यावर बाई लगेच म्हणाल्या, ‘हार नको, शेवंतीची फुलं ठेवा. आणि भाषणं कमी.’ मध्यम कागदानं सुटला. खालच्या पट्टीची कमानच सैल होती.

वह्या भातखंडे पद्धतीच्या आहेत, फक्त तिसरीतली शेवटची ७ पानं पलुसकर पद्धतीची निघाली. त्यातल्या एका पानावर पाण्याचा डाग पडून दुसऱ्या ओळीचे चार स्वर गेले आहेत. गाणं स्तोत्राचं आहे, चाल सरांची, कॅसेटीत कुठे सापडत नाही. ते चार स्वर अंदाजानं भरावेत का?

स्वरलिपी_वाचक

अंदाजानं नको. पानात जागा मोकळी ठेवा, चौकट आखून. मग पेटी बाईंकडे घेऊन जा, पहिली ओळ सरांच्या पट्टीत वाजवा आणि थांबा. दुसरी ओळ विचारू नका, ‘गा’ही म्हणू नका. घरात वर्षानुवर्षं ऐकलेली चाल विचारल्यावर आठवत नाही, पहिली ओळ संपली की तोंडात येते. फोन आधीच चालू करून पेटीवर ठेवलेला असू द्या, म्हणजे दुसऱ्यांदा म्हणायला लावावं लागणार नाही. त्या जे गातील ते चौकटीत वेगळ्या शाईनं लिहा आणि बाजूला ‘बाईंकडून’ अशी नोंद आणि तारीख घाला.

काळी_चार

आणि ती पेटी कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळीच चर्चमध्ये नेऊन ठेवा, झाकण लावून, भिंतीपासून लांब. दगडी इमारतीतली जानेवारीची रात्र थंड असते, सकाळी आणलेली पेटी तिथल्या हवेला यायला वेळ घेते. दुसऱ्या दिवशी उपासनेच्या तासभर आधी पुन्हा पांढरी सहा बघा, आणि कीबोर्ड तिच्याप्रमाणे लावा.